आकड्यांशी भांडणारा वकील

सरदार वल्लभभाई पटेल म्हटले की आपल्यापुढे संस्थानांचे विलीनीकरण उभे राहते, पोलादी पुरुष ही उपाधी आठवते, आणि आता नर्मदेकाठचा तो अवाढव्य पुतळाही आठवतो. मला मात्र आठवते ते एक कोष्टक. खंडाचे दर, एकरांची संख्या आणि त्यांची सरासरी मांडलेले, एका डेप्युटी कलेक्टरने आपल्या अहवालाला जोडलेले रूक्ष कोष्टक. माझी उभी नोकरी बँकेत गेली आणि त्यातली बरीच वर्षे तालुक्याच्या गावी, शेतजमिनी तारण घेण्यात गेली. त्यामुळे जमिनीची किंमत कागदावर कशी वाढते, याचे मला एक कायमचे कुतूहल आहे. ‘सरदार’ हा शब्द वल्लभभाईंच्या नावापुढे लागला तो अशाच एका कागदी वाढीच्या भांडणातून, हे आपण बारडोली सत्याग्रहाच्या गौरवात बहुधा विसरतो.

वल्लभभाईंचा जन्म १८७५ चा, आजोळी नडियादला. ३१ ऑक्टोबर ही तारीख त्यांनी मॅट्रिकच्या अर्जात अंदाजाने लिहिली होती, असे ते स्वतःच सांगत. म्हणजे ज्या दिवशी आज देशभर समारंभ होतात, ती नोंदही एक आकारणीच म्हणायची! मूळ गाव करमसद, खेडा जिल्ह्यातले. वडील झवेरभाई यांच्याकडे दहाएक एकर जमीन. चरोतरच्या सुपीक मातीत दहा एकर म्हणजे उपाशी मरण्याची वेळ नाही आणि पाच मुलगे शिकवण्याची ऐपतही नाही. वल्लभभाई मॅट्रिक झाले तेव्हा बावीस वर्षांचे होते. कॉलेजचा खर्च झेपणारा नव्हता. उसनी पुस्तके घेऊन त्यांनी जिल्हा वकिलीची परीक्षा दिली, १९०० साली गोध्र्याला बिऱ्हाड मांडले आणि दोनेक वर्षांनी बोरसदला हलवले. फौजदारी वकील म्हणून त्यांचा दरारा होता. साक्षीदाराच्या जबानीतली विसंगती शोधून तिथेच बोट ठेवायचे, ही त्यांची रीत.

विलायतेला जाण्यासाठी त्यांनी पैसे साठवले, तिकीट-परवान्याची व्यवस्था झाली, आणि कागद आले ते व्ही. जे. पटेल या नावाने. थोरले बंधू विठ्ठलभाई यांची आद्याक्षरेही तीच. थोरल्याने आधी जाण्याचा हक्क सांगितला आणि धाकट्याने तो मानला. वर त्यांच्या खर्चाचा भारही उचलला. पुढे १९०९ मध्ये पत्नी झवेरबा मुंबईत शस्त्रक्रियेनंतर वारल्या. तार हाती आली तेव्हा वल्लभभाई कोर्टात उलटतपासणी घेत होते. तार वाचली, खिशात ठेवली, तपासणी पुरी केली. ही गोष्ट त्यांच्या प्रत्येक चरित्रात आहे आणि प्रत्येक चरित्रकार तिचे कौतुक करतो. मला ती नेहमीच थोडी भीतिदायक वाटत आली आहे. असा माणूस आपल्या बाजूला असावा, समोर नसावा. १९१० साली ते इंग्लंडला गेले, बॅरिस्टरीचा अभ्यास मुदतीआधी संपवला आणि १९१३ मध्ये परतून अहमदाबादेत राहिले. उत्तम शिवलेला सूट, क्लबात पत्त्यांचा डाव आणि गांधी नावाच्या नव्याने आलेल्या गृहस्थाविषयी थट्टेचा सूर, असे त्यांचे तेव्हाचे रूप होते.

हे रूप पालटले ते १९१८ च्या खेडा सत्याग्रहात. अतिवृष्टीने पीक गेले होते. पीक चार आण्यांच्या आत आले तर त्या वर्षीची सारावसुली तहकूब करायची, असा सरकारचाच नियम. तंटा होता तो पीक किती आणे आले यावर. शेतकरी म्हणत होते चार आण्यांच्या आत, महसूल खाते त्याहून जास्त धरीत होते. आणेवारी हा शब्द आपल्याकडच्या शेतकऱ्याला शिकवावा लागत नाही. बांधावर उभे राहून नजरेने पीक जोखायचे आणि त्या नजरेवर वर्षभराचे नशीब ठरायचे. गांधीजींबरोबर वल्लभभाई गावोगाव फिरले, सूट उतरला तो कायमचा. लढा अर्धवट यशावर संपला. ज्यांची ऐपत आहे त्यांनी भरावे, गरिबांवर सक्ती करू नये, एवढेच पदरी पडले. परंतु सरकारशी भांडायचे तर भावनेवर नव्हे, सरकारच्याच नियमावर आणि सरकारच्याच आकड्यावर भांडायचे, हा धडा या वकिलाने तिथे गिरवला.

दुसरी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. हा माणूस करविरोधी नव्हता. १९१७ पासून ते अहमदाबाद नगरपालिकेत होते, १९२४ ते १९२८ तिचे अध्यक्ष होते. गटारे, पाणीपुरवठा, रस्ते यांना पैसा लागतो आणि तो करातूनच येतो, हे त्यांना पक्के माहीत होते. १९२३ मध्ये बोरसद तालुक्यात दरोडेखोरांच्या बंदोबस्तासाठी म्हणून जादा पोलीस ठेवले आणि त्यांचा खर्च दरडोई दोन रुपये सात आणे असा लोकांवर बसवला. त्याविरुद्ध ते उभे राहिले तेव्हाही मुद्दा असा होता की गुन्हा लोकांनी केलेला नाही, मग दंड लोकांना का? काही आठवड्यांत तो कर रद्द झाला. कर नको आणि हा कर गैर, या दोन म्हणण्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. बारडोलीत हे अंतर त्यांनी शेवटपर्यंत सांभाळले.

आता त्या कोष्टकाकडे येतो.

मुंबई इलाख्यात रयतवारी. त्या पद्धतीची सुरुवात आपल्याच इंदापूर तालुक्यात झाली. १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी तिथे जमिनीचा कस पाहून आकार ठरवला, आणि तीस वर्षे तो बदलायचा नाही असे ठरले. तीस वर्षांनी फेरआकारणी. पुढे १८७९ च्या जमीन महसूल कायद्याने असे म्हटले की फेरआकारणी करताना जमिनीचे मोल आणि शेतीचा नफा या गोष्टी ध्यानात घ्याव्यात. कशा घ्याव्यात, किती घ्याव्यात, हे महसूल खात्यावर सोडले. शिवाय आकारणी वाजवी की गैरवाजवी, याची दाद दिवाणी कोर्टात मागता येत नव्हती. आकारणारे तेच, अपील ऐकणारे तेच. १९२४ मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलाने ठराव करून सांगितले की कायदा सुधारेपर्यंत नवी फेरआकारणी थांबवावी. ठराव कागदावर राहिला.

सुरत जिल्ह्यातल्या बारडोली तालुक्याची तीस वर्षांची मुदत संपत आली तेव्हा काम आले डेप्युटी कलेक्टर एम. एस. जयकर यांच्याकडे. (आपले बॅरिस्टर मुकुंदराव जयकर ते हे नव्हेत.) त्यांनी पाहिले की ताप्ती व्हॅली रेल्वे झाली आहे, रस्ते सुधारले आहेत, पक्की घरे वाढली आहेत, बैलगाड्या आणि दुभती जनावरे वाढली आहेत, कापसाला भाव आहे, जमिनीच्या किमती चढल्या आहेत. मजुरीचे दर वाढलेले दिसले, तेही त्यांनी भरभराटीच्या बाजूला मांडले. वस्तुतः मजुरी हा शेतकऱ्याचा खर्च. तो जमेच्या रकान्यात कसा गेला, हे कोणत्याही कारकुनाला विचारावेसे वाटेल. सुमारे पाच लाख चौदा हजारांचा सारा त्यांनी सहा लाख बहात्तर हजारांवर नेण्याची शिफारस केली. म्हणजे तीस टक्के वाढ.

वर बसलेले सेटलमेंट कमिशनर अँडरसन यांना ही रीत पटली नाही. रेल्वे आणि घरे मोजून सारा ठरत नाही, असे त्यांचे म्हणणे, आणि ते बरोबरच होते. पण मग त्यांनी सगळा भार टाकला तो एकाच गोष्टीवर, खंडाच्या आकड्यांवर. जमीन खंडाने दिली तर मालकाला जे मिळते तो निव्वळ नफा, आणि त्याच्या निम्म्यापर्यंत सरकारचा हक्क, असा हिशेब. ते आकडे होते जयकरांच्या अहवालाला जोडलेल्या कोष्टकात. अँडरसन यांनी एकोणतीस टक्के सुचवले. सरकारने १९२७ मध्ये ते बावीसवर आणले आणि उदारपणा दाखवल्याचे समाधान मानले.

बँकेतल्या माणसाला इथे थांबावेसे वाटते. खंडाचा आकडा दिसतो सरळ, पण तो बहुरूपी असतो. समजा, एका शेतकऱ्याने सावकाराकडून कर्ज काढले आणि जमीन मुदतखरेदीने लिहून दिली. जमीन कसतो तोच, पण आता कुळ म्हणून, आणि सावकाराला दरसाल खंड देतो. हा खंड म्हणजे मातीचे उत्पन्न नव्हे. ते कर्जावरचे व्याज. व्याजाचा दर जबर असेल तर खंड जबर दिसणार. मग जो तालुका जितका कर्जबाजारी, तितकी त्याची जमीन कागदावर किफायतशीर! याच्या जोडीला भावाचा घोळ. आकडे घेतले होते ते महायुद्धानंतर कापूस चढला होता त्या काळाचे, आणि सारा वाढायचा होता पुढच्या तीस वर्षांसाठी, जेव्हा भाव उतरणीला लागलेले होते. शिवाय बारडोलीचा पाटीदार बहुतांश स्वतः कसणारा. खंडाने दिलेली जमीन थोडी. कोष्टकात अनेक वर्षांच्या खंडपट्ट्यांची बेरीज होती. ती जणू एकाच वर्षाची आहे असे समजून अँडरसन यांनी तालुक्यातली फार मोठी जमीन खंडाने जाते असा निष्कर्ष काढला. बेरीज कशाची आहे हे न पाहता तिच्यावर टक्केवारी चढवणे, हा प्रकार मी पुढे अनेक अहवालांत पाहिला आहे.

तालुक्याचे प्रमुख लोक वल्लभभाईंकडे आले तेव्हा ते लगेच तयार झाले नाहीत. नुकतेच, १९२७ च्या जुलैत, गुजरातेत महापूर येऊन गेला होता आणि ते त्या मदतकार्यात बुडाले होते. आधी नरहरी परीख यांच्यासारख्या सहकाऱ्यांनी आकड्यांची छाननी केली. कपाशीच्या एकराला बियाणे, मजुरी, बैल धरून खर्च काय येतो, हाती काय उरते, ते मांडले. फेब्रुवारी १९२८ च्या सुरुवातीला वल्लभभाई बारडोलीला गेले. लोकांना त्यांनी जमिनी जातील, जनावरे जातील, तुरुंग पाहावा लागेल असे बजावले आणि विचाराला आठवडा दिला. दरम्यान गव्हर्नरांना पत्र लिहून निष्पक्ष चौकशी मागितली. १२ फेब्रुवारीला ठराव झाला. त्या ठरावाची भाषा मला फार आवडते, कारण ती वकिलाची आहे. जुना सारा पुरा म्हणून सरकारने स्वीकारावा, नाहीतर निष्पक्ष पंच नेमावा. तोवर काहीही भरणार नाही. सारा माफ करा, असे त्यात कुठेही नव्हते.

पुढचे सहा महिने पुष्कळांनी वर्णिले आहेत. सुमारे एकशे सदतीस गावे, सत्त्याऐंशी हजारांच्या आसपास वस्ती. तालुक्याच्या छावण्या पाडल्या, त्यांवर रविशंकर महाराज, मोहनलाल पंड्या, दरबार गोपाळदास, अब्बास तय्यबजी, जुगतराम दवे यांच्यासारखी माणसे बसवली. मिठूबेन पेटिट, मणिबेन, भक्तिबा यांनी बायकांना सभेत आणले. रोज पत्रिका छापून गावोगाव जाई. जप्तीचे पथक दिसले की ढोल किंवा शिंग वाजे आणि गाव दारे लावून घेई. म्हशी घरात कोंडलेल्या, माणसेही त्यांच्याच सोबतीला. अंधारात राहून म्हशींची कातडी फिकी पडली, तेव्हा वल्लभभाईंनी सभेत त्यांच्या मडमा झाल्याची थट्टा केली. सरकारने जप्तीसाठी पठाण आणले, जमिनी सरकारजमा केल्या, त्यांतल्या काही बाहेरच्या गिऱ्हाइकांना कवडीमोलाने विकल्या. पाटील-तलाठ्यांनी राजीनामे दिले. इथेच बायकांनी आणि शेतकऱ्यांनी वल्लभभाईंना सरदार म्हणायला सुरुवात केली. १२ जूनला देशभर बारडोली दिवस पाळला गेला. तिकडे दिल्लीत विठ्ठलभाई मध्यवर्ती कायदेमंडळाचे अध्यक्ष होते. त्यांनी लढ्याला महिना हजार रुपये देऊ केले. तिकिटाची ती जुनी फेड म्हणावी काय? मला तसे म्हणायचा मोह होतो.

या सगळ्यात एक माणूस उन्हात उभाच नव्हता, आणि त्याचे नाव घेतल्याशिवाय बारडोलीचे चरित्र प्रामाणिक होत नाही. तो म्हणजे दुबळा. पाटीदारांच्या शेतात राबणारे हे आदिवासी मजूर. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी पिढ्यान्‌पिढ्या मालकाच्या दाराशी बांधलेले. त्यांना हाळी म्हणत. आकारणी तीस टक्के वाढली काय किंवा सहा टक्के वाढली काय, त्यांच्या भाकरीत फरक पडणार नव्हता. कार्यकर्त्यांनी त्यांच्यात चरखा आणि दारूबंदीचे काम केले, ते जमीनदाराला सोडून गेले नाहीत म्हणून लढा टिकला. वल्लभभाईंना हा प्रश्न दिसत नव्हता असे नाही. परंतु पाटीदार आणि दुबळा या दोघांना एकाच दोरीने बांधून सरकारपुढे उभे करायचे असेल तर दोघांमधला हिशेब तूर्त काढायचा नाही, असा त्यांचा निर्णय होता. लढाई जिंकण्याच्या दृष्टीने तो अचूक होता. मला तो तरीही खुपतो.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तडजोड झाली. वल्लभभाईंना अटक होईल असा रंग असल्यामुळे गांधीजी २ तारखेला बारडोलीला येऊन राहिले होते. वाढीव रकमेची तफावत एका त्रयस्थाने भरायची, शेतकऱ्यांनी जुना सारा भरायचा, सरकारने चौकशी नेमायची, कैदी सोडायचे, जमिनी परत करायच्या, तलाठ्यांना पुन्हा घ्यायचे, असे ठरले. सरकारचे तोंड राहिले, शेतकऱ्याची जमीन राहिली.

चौकशीला दोन अधिकारी आले. महसुलाकडून मॅक्सवेल आणि न्यायखात्याकडून ब्रूमफील्ड. म्हणजे १९२२ साली गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा देणारे तेच न्यायाधीश. दोघेही सरकारी, दोघेही इंग्रज. भुलाभाई देसाईंनी सुरुवातीला शेतकऱ्यांची बाजू मांडली. महादेवभाई देसाई आणि परीख आकडे घेऊन त्यांच्याबरोबर गावोगाव हिंडले. या दोघा साहेबांनी एक साधी गोष्ट केली, जी आधी कोणी केली नव्हती. ते गावात गेले, कोष्टकात नोंदलेली खंडपट्टी हातात घेऊन ती लिहून देणाऱ्यालाच विचारले, की बाबा, हा खंड कशाचा? आणि कोष्टक ढासळू लागले. कुठे खंडात व्याज निघाले, कुठे मालकाने केलेल्या सुधारणेचा मोबदला निघाला, कुठे नड असलेल्या माणसाने मागितला तो दर कबूल केलेला निघाला. तपासणी न करता आकडे गोळा झाले होते, असा निर्वाळा या अधिकाऱ्यांनीच दिला. बारडोलीची वाढ त्यांनी बावीसवरून सुमारे सहा टक्क्यांवर आणली. त्यानंतर १९२९ मध्ये इलाख्यातल्या इतर फेरआकारण्याही सरकारला रोखून धराव्या लागल्या. त्या आपल्याकडच्या जिल्ह्यांतही चालू होत्या, म्हणजे बारडोलीच्या म्हशींचे आपणही थोडे देणे लागतो.

नोकरीत असताना माझ्याकडे एक शेतकरी आला होता. गावाशेजारून मोठा रस्ता जाणार अशी बोलवा उठली, शहरातल्या दोघा-तिघांनी चढ्या भावाने जमिनी घेतल्या, आणि पुढच्या वर्षी रेडी रेकनरचा दर वर गेला. याला मुलीच्या लग्नासाठी एकरभर विकायची होती. तुकडा आतल्या बाजूचा, वाट नसलेला; गिऱ्हाईक देत होते त्याहून सरकारी मूल्य जास्त. मुद्रांक शुल्क त्या मूल्यावर, म्हणून गिऱ्हाईक शुल्काची तफावतही याच्याच किमतीतून कापून मागत होते. त्याने मला विचारले, की मातीत काहीच बदल नसताना तिची किंमत कोणी वाढवली? त्याला मी नियम समजावून सांगितला. नियम त्याला समजला. त्याचा प्रश्न नियमाचा नव्हता. आज आपल्याकडे शेतसारा नगण्य आहे, पण मोजणी अजून तशीच चालते. शेजारच्या दस्तावरून आपली किंमत ठरते, आणि शेजारी का विकत होता हे दस्तात लिहिलेले नसते.

वल्लभभाईंच्या पुढच्या आयुष्याला इथे फार जागा नको. ते सर्वांना ठाऊक आहे. १९३० च्या मार्चमध्ये दांडीयात्रेआधीच रास गावी त्यांना अटक झाली. १९३१ साली ते कराची काँग्रेसचे अध्यक्ष होते. येरवड्याला १९३२-३३ मध्ये गांधीजींच्या सहवासात, नंतर १९४२ पासून अहमदनगरच्या किल्ल्यात, अशी त्यांच्या कैदेची बरीच वर्षे महाराष्ट्रात गेली. कायदेभंगाच्या काळात खेडा आणि बारडोलीच्या शेतकऱ्यांच्या जमिनी पुन्हा जप्त होऊन विकल्या गेल्या होत्या. १९३७ मध्ये मुंबई इलाख्यात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आल्यावर त्या परत मिळवण्यासाठी वल्लभभाई हात धुऊन मागे लागले आणि १९३८ मध्ये तसा कायदा झाला. त्याच साली बारडोली तालुक्यातल्या हरिपुरा गावी काँग्रेसचे अधिवेशन भरले. घटना समितीत ते मूलभूत हक्कांच्या सल्लागार समितीचे अध्यक्ष होते. सरकारने जमीन घ्यायची तर मोबदला दिला पाहिजे, या बाजूला ते ठाम राहिले. त्याबद्दल त्यांना जमीनदारांचे कैवारी म्हटले गेले. करमसदच्या दहा एकरांतून आलेल्या माणसाला मालकीचा अर्थ वेगळा कळतो, एवढेच मी म्हणेन.

आणि दुबळ्यांचे? १९३९ च्या आरंभी, गांधीजी आणि वल्लभभाई बारडोलीत असताना, पाटीदार आणि हाळी यांच्यात समेट घडवण्यात आला. जुनी कर्जे मिटवून रोजंदारीचा दर ठरवायचा, हाळीने मोकळे व्हायचे, असे त्याचे स्वरूप. सभा झाली, शब्द दिले गेले. पण त्या कराराच्या अंमलबजावणीला ढोल वाजवणारे कोणी नव्हते, छावण्या नव्हत्या, रोजची पत्रिका नव्हती. मालकांनी थोड्याच काळात ठरलेला दर द्यायचे सोडले आणि हाळी पुन्हा त्याच दाराशी आले. १५ डिसेंबर १९५० रोजी मुंबईत वल्लभभाई गेले, तेव्हाही दक्षिण गुजरातेत ते तिथेच होते.